सुताराघरचा बैल

बैलांचा सण महाराष्ट्रात सगळीकडं एका दिवशी येत नाही. जत आणि मिरजेचा पूर्व भाग इकडं कर्नाटकी बेंदूर, तो ज्येष्ठी पौर्णिमेला. आमच्या खानापूर-तासगावकडं आणि वर सातारा-कोरेगावपर्यंत महाराष्ट्री बेंदूर, तो आषाढात, पौर्णिमेच्या तोंडाला. आणि मराठवाडा, खानदेश, विदर्भात गेलं की पोळा, श्रावणी अमावास्येला. माझा आजा म्हणायचा, "सण पंचांग बघून येत न्हाई. बैलाचा खांदा मोकळा झाला की येतो."

आम्ही सुतार. त्यामुळं आमच्या घरी बेंदूर गावाच्या आधी पंधरा दिवस सुरू व्हायचा. शेतकऱ्याच्या घरी आदल्या दिवशी खांदमळणी, मग शिंगांना हिंगूळ, अंगावर झूल, डोक्याला बाशिंग, दुपारी पुरणपोळीचा घास आणि संध्याकाळी वेशीत कर तोडायची. आमच्या घरी मात्र सुतारमेटावर लाकडी बैलांची रांग लागलेली असायची. ह्या बैलांबद्दल मला लिहायचं आहे, कारण ते कुठल्या संग्रहालयात बघायला मिळालेले नाहीत आणि त्यांच्याबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. पुजेचा बैल आमच्या गावात मातीचा. तो कुंभारानं करायचा, दारोदार पोचवायचा आणि सुपातलं धान्य घेऊन जायचं. ज्याच्या दावणीला बैल नाही तो ह्या मातीच्या जोडीला हळदकुंकू लावायचा. तो कुंभाराचा हक्क. त्यात सुतारानं हात घालायचा नाही. सुताराचा बैल लाकडी, चाकांवरचा, दोरीनं ओढायचा, पोरांच्या हातात द्यायचा. पोरगं तो घेऊन मोठ्या बैलांच्या मागनं वेशीपर्यंत जायचं. मातीचा बैल देवाचा, लाकडी बैल पोराचा, अशी वाटणी होती.

आज ही वाटणी पोरखेळ वाटेल, पण गाव अशाच वाटण्यांवर उभं होतं. साताऱ्याला 1818 पासून रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफनं मराठ्यांचा इतिहास लिहिताना बारा बलुत्यांची नोंद केली. त्र्यंबक नारायण आत्र्यांनी 1915 मध्ये 'गावगाडा' लिहिला, त्यात तर ह्या व्यवहाराचा सांधान् सांधा उकलून दाखवला आहे. बलुतेदारांच्या तीन ओळी मानायचे. सुतार-लोहार थोरल्या ओळीत, कुंभार-न्हावी-परीट मधल्या ओळीत. ज्या ओळीत नाव त्या मानानं खळ्यावर वाटा. गावागणिक थोडा फरक असायचा, पण शेतीला ज्याच्यावाचून अडतं तो वर, हा हिशोब सगळीकडं.

सुतारावाचून शेती पुरती अडायची. नांगर, कुळव, कुरी, कोळपं, जू, गाडीचं चाक, मोटेचं चाक, सगळं लाकडाचं. लाकूड शेतकऱ्यानं आणायचं, बहुतेक बाभळीचं, आणि आम्ही घडवून द्यायचं. मजुरी रोख नाही. सुगीला खळ्यावर जायचं आणि दर नांगरामागं ठरलेलं धान्य आणायचं. नांगर घडवताना पडलेले ढलपे आणि तुकडे मात्र सुताराचे. मोठे ढलपे चुलीत जायचे, आणि हाताएवढा चांगला तुकडा निघाला की आजा तो बाजूला ठेवायचा. वर्षभर साठलेल्या ह्या तुकड्यांचे बेंदराला बैल व्हायचे.

बाभूळ मात्र बैलाला चालत नाही. टणक असते, वाकस उडतो, आणि वाळल्यावर फाटते. म्हणून आजा ओढ्याकडंचा पांगारा आणायचा. पांगारा वजनाला हलका, रंगानं पांढरट, वाकसाखाली लोण्यासारखा कापला जातो. सावंतवाडीची खेळणी करणारे कारागीरही पांगाराच वापरत आले, हे मला फार पुढं कळलं. बाभळीचे तुकडे मग पाय, आस आणि चाकं ह्यांना लागायचे. चाकं म्हणजे मनगटाएवढ्या फांदीच्या करवतीनं कापलेल्या चकत्या. मधोमध सामत्यानं भोक.

बैल एक वीत लांबीचा. आधी ठोकळ्यावर कोळशानं रेघ मारायची. मग वाकसानं पाठ उतरवायची, वशिंड राखायचं, मानेखालची पोळी सोडायची. पटाशीनं पाय मोकळे करायचे. बाकी कुठंही घाई चालेल, पण वशिंडाला नाही, असं आजाचं म्हणणं. वशिंड पुढं गेलं की बैल रेड्यासारखा दिसतो, मागं गेलं की उंटासारखा. शिंगं वेगळी करून बसवायची. आमच्याकडचा बैल म्हणजे खिलार. आटपाडी-म्हसवडकडचा, कोशा रंगाचा, शिंगं जवळजवळ उगवून मागं जाऊन परत वर वळलेली. हा वळसा ठोकळ्यातनं कापून काढला तर तंतू आडवे पडून शिंग मोडतं. म्हणून आजा बोरीची वाकडी डहाळी शोधून ठेवायचा, जिला तो वळसा निसर्गानंच दिलेला असेल. डहाळी सोलायची, टोक तासायचं आणि डोक्यात भोक पाडून खुंटीसारखी ठोकायची. कान चांभाराकडच्या कातड्याच्या तुकड्याचे, शेपूट घायपाताच्या सुतळीचं.

मग रंग. कच्च्या लाकडावर रंग पिऊन जातो, म्हणून आधी चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजून, सोलून, भिजवून वाटायचे आणि शिजवून चिकट करायचे. ती खळ चुन्याच्या निवळीत कालवून बैलाला दोन हात द्यायचे. वाळला की बैल पांढराशुभ्र, नितळ. त्यावर काव म्हणजे गेरू, निळ्याला कपड्याची नीळ, काळ्याला दिव्याची काजळी. सगळ्यात बाभळीचा डिंक, म्हणजे रंग हाताला लागत नाही. शिंगांना मात्र खऱ्या बैलाचाच हिंगूळ. झुलीवरची नक्षी आज्जी काढायची, कापूस गुंडाळलेल्या काडीनं. तिची झूल कधी दोन बैलांना सारखी नसायची. कपाळावर बेगडाचा तुकडा चिकटवला की बाशिंग झालं.

पाऊस लागला तर हा रंग उतरायचा, आणि बेंदूर हा ऐन पावसातला सण. पोरं बैल कुंचीत धरून पळायची. तरी दसऱ्यापर्यंत बैल पांढऱ्याचा लाकडी व्हायचाच. "पुढच्या सालाला नवा," आजा म्हणायचा. तेवढी सोय ह्या रंगातच होती.

आता मुद्द्याचं. हा बैल विकायचा नसायचा. ज्या घराचं बलुतं त्या घराला बैल, एवढाच नियम. बैल ही आमची परतफेडही नव्हती आणि दानही नव्हतं. खळ्यावर आम्हाला धान्य घालताना मालक जसा पायली सपाट न करता वर शीग ठेवायचा, तशी ही आमच्याकडची शीग. आज्जीच्या तोंडी घरांची यादी असायची: कुणाच्या घरी किती नांगर, कुणाचं पोरगं आता चालायला लागलं, कुणाकडं औंदा बैल द्यायचा.

लहानपणी मला हे फार सुंदर वाटायचं, आणि गावाच्या आठवणी लिहिणारे बहुतेक जण इथंच थांबतात. पण त्या यादीला दुसरी बाजू होती. ज्याच्याकडं नांगर नाही त्याच्याकडनं बलुतं नाही, आणि बलुतं नाही तिथं बैल नाही. महारवाड्यात हाडकी-हाडोळ्याची थोडी जमीन होती, पण नांगर बहुतेकांचा उसनवारीचा. त्यामुळं यादीत तिथलं एकही घर नव्हतं. मांगवाड्यातलं नव्हतं. वेशीत कर तोडायला जी दोरी लागायची ती मांगानं वळलेली असायची, गावची मेलेली जनावरं महारांनी ओढलेली असायची, आणि त्यांची पोरं वेशीच्या बाहेरच्या अंगाला उभी राहून आमच्या बैलांकडं बघायची. त्यांच्या हातात ज्वारीच्या धाटाचे बैल असायचे, स्वतः केलेले.

ही व्यवस्था हलली ती तीन-चार बाजूंनी. पहिला धक्का जुना. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर काढला आणि 1910 मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत, आमच्यापासनं फार लांब नाही अशा कुंडलच्या माळावर, किर्लोस्करवाडी उभी केली. लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून आधी लोक बुजले, हे प्रसिद्ध आहे. पण एकदा बुजेपणा गेल्यावर लाकडी नांगर मागं पडत गेला. आजाच्या उमेदीतच नांगराचं काम निम्म्यावर आलं होतं. गाडी राहिली होती. मग साखर कारखाने आले, उसाला रस्ता लागला, आणि लोखंडी धावेचं लाकडी चाक जाऊन रबरी टायरची गाडी आली. तिला लोक 'डनलॉप' म्हणायचे. तिच्या चाकाशी सुताराचा संबंध नाही.

दरम्यान जिल्ह्याचं नावही बदलत होतं. आजा जन्मला तो सातारा जिल्ह्यात. 1949 मध्ये आमचा भाग तोडून दक्षिण सातारा जिल्हा केला, आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. आमच्या शाळेच्या दाखल्यांवर थोरल्या भावाचा जिल्हा एक आणि माझा एक आहे. आजाला ह्याचं काही नव्हतं. "जिल्हा फिरला तरी खळं तिथंच हाय," असं तो म्हणाला होता. खळंही फार दिवस तिथं राहिलं नाही.

नांगराचं काम कमी झालं तसं बलुतं घालणारी घरं कमी झाली. मजुरी रोखीनं मागायची तर आजाला लाज वाटायची आणि न मागायची तर वडिलांना घर चालवता येईना. वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. 1957 मध्ये नये पैसे आले त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. आण्णांनी बेंदराच्या आधी वीसेक बैल पोत्यात घातले आणि विट्याच्या आठवडा बाजाराला निघाले. मी बरोबर होतो.

आजा मेटावर बसलेला. त्यानं पोतं बघितलं.

"काय हाय त्यात?"

"बैल हायत."

"कुणाच्या घरचं?"

"कुणाच्या घरचं न्हाईत. बाजारात मांडतो."

आजा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बेंदराचा बैल इकणार? उद्या आज्जीनं काढलेली झूल पण मोजून इकशील."

आण्णा म्हणाले, "आबा, गेल्या सुगीला सात घरांचं धान्य आलं. सात. लोहारानं भाता काढून इकला. आपुन काय बघत बसायचं?"

आजानं उत्तर दिलं नाही आणि पोतंही अडवलं नाही.

बाजारात पोत्यावर बैल मांडले. किंमत चार आणे, म्हणजे नवे पंचवीस पैसे. सकाळभर लोक नुसते बघून जात होते. गावातली माणसं तर हसत होती, "सुतार, हे तर आमाला फुकट मिळतंय की!" दुपारी आमच्याच गावची एक बाई आली, महारवाड्यातली. तोवर त्या वस्तीतली बरीच घरं धम्म घेऊन बौद्ध झाली होती. कडेवर पोरगं. ती जरा अंतर राखून उभी राहिली आणि म्हणाली, "केवढ्याला?"

आण्णांनी सांगितलं. तिनं पदराची गाठ सोडून पैसे मोजले आणि सवयीनं ते खाली पोत्यावर ठेवले. आण्णांनी बैल उचलला. त्यांचा हात क्षणभर पोत्याकडं गेला, मग त्यांनी तो बैल सरळ पोराच्या हातात दिला. पोरानं शिंगं धरली. बाई म्हणाली, "मोडंल, हळू धर," आणि निघून गेली. एवढंच.

घरी येताना आण्णा म्हणाले, "पयल्यांदा त्या वाड्यात आपला बैल गेला." ते खूश होते की दुःखी हे मला त्या वयात ओळखता आलं नाही. आता वाटतं, दोन्ही असतील. बलुत्याचा बैल फुकट होता, पण तो कुणाला मिळायचा हे आधीच ठरलेलं होतं. पंचवीस पैशांचा बैल ज्याच्याकडं पंचवीस पैसे त्याला मिळत होता. 1958 च्या कायद्यानं महार वतन गेलं, तेव्हा काही जुनी माणसं हळहळली की गावगाड्याचं चाक निखळलं. त्या गाड्यात बसलेल्यांनी हळहळावं हे मी समजू शकतो. जे गाड्याखाली होते त्यांना विचारायला हवं होतं.

तरीही बाजारानं आम्हाला तारलं नाही. ते का, हे कळायला मला फार वर्षं लागली. पुतण्या नोकरीनिमित्त जर्मनीत होता. तिथनं येताना त्यानं एक लाकडी ससा आणला, रंगवलेला, बोटाएवढा. त्यांच्याकडं वसंतात ईस्टरचा सण असतो, त्याला घरात असे ससे मांडतात. त्यानं सांगितलं की पूर्व जर्मनीत खाणींचा एक डोंगरी भाग आहे, एर्त्सगेबिर्ग नावाचा. तिथल्या खाणी आटत गेल्या तसे झायफन गावचे लोक लाकडी खेळण्यांकडं वळले, आणि न्युरेंबर्गच्या व्यापाऱ्यांमार्फत त्यांचा माल देशोदेशी गेला. पुढं मी आणखी वाचलं. ते लाकडाचं कडं चरकावर असं कोरतात की त्याच्या फोडी केल्यावर प्रत्येक फोडीतनं एक तयार जनावर निघतं. एका कड्यातनं कितीतरी. मी तो ससा हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला. खाली करणाऱ्याच्या नावाचा शिक्का होता.

आजाच्या बैलाखाली कधी शिक्का नव्हता. गरजच नव्हती, गावात दुसरा सुतार कोण होता? त्यांच्याकडं चरक होता, व्यापारी होता, दूरची पेठ होती. आमच्याकडं वाकस होता आणि सात घरं होती. सावंतवाडीच्या खेळण्यांना राजघराण्याचा आधार मिळाला. नागपूरकडं तान्हा पोळा असा खास पोरांचाच सण असल्यानं लाकडी बैलांना आजही मोठं गिऱ्हाईक आहे. आमच्या सातारा-सांगलीकडं लाकडी बैल हा सणाच्या कडेला चिकटलेला होता. त्याला स्वतःची पेठ नव्हती, आणि जिथं पेठ नाही तिथं हुन्नर कितीही असला तरी तो बापाकडनं मुलाकडं जात नाही. लोक म्हणतात, प्लॅस्टिकनं लाकडी खेळणी मारली. आमच्या गावात प्लॅस्टिक यायच्या आधीच बैल थांबला होता. नांगर गेला तेव्हा तुकडे गेले, आणि तुकडे गेले तेव्हा बैल गेला.

आजानं शेवटचे बैल केले ते 1973 च्या बेंदराला. त्या सालाबद्दल वेगळं सांगायला हवं. 1972 चा पाऊस गेला आणि खानापूर, आटपाडी, माण हा सगळा पट्टा होरपळला. सरकारनं दुष्काळी कामं काढली. मे 1973 मध्ये राज्यात अशा कामांवर जवळजवळ 50 लाख माणसं होती. आमच्या घरातले चौघे खडी फोडायला जात होते, मीही त्यात. खायला मिलो आणि सुकडी. ज्या खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत खिलार जोड्या मिरवत न्यायच्या, त्या भागातली माणसं मिळेल त्या भावाला बैल काढून मोकळी झाली. वैरणच नव्हती तर करणार काय?

त्या जुलैत पाऊस लागला, आणि पेरायला बैल नव्हते. माणसांनी कुरी ओढली. बेंदराच्या दोन दिवस आधी एक शेतकरी मेटावर आला. आमच्या जुन्या सात घरांतला. खांद्यावर कडुलिंबाचं जू, मधे तडकलेलं. आजाला वाटलं दुरुस्तीला आणलं.

"बैल न्हाईत आन जू कशाला नीट करतोस, आप्पा?"

तो म्हणाला, "नीट न्हाई करायचं, तात्या. ह्याचंच बैल करून द्या. एक जोडी. दावण रिकामी ठिवून कसा करायचा बेंदूर?"

"कुंभाराकडं मातीचं हायत की."

"मातीचं पुजतो. पर ह्या जुवाखाली माझी दोन बैलं आठ वर्सं चालली. ह्याचंच पायजे."

आजाचा हात तेव्हा थरथरत होता. वाकस आण्णांनी चालवला, वशिंडं आजानं स्वतः काढली. कडुलिंब पांगाऱ्यासारखा मऊ नसतो. दोन दिवस आणि एक रात्र गेली. बोरीच्या डहाळ्या मिळाल्या नाहीत, झाडं वाळून गेलेली, म्हणून शिंगं बाभळीच्या काट्यांची लावली. आज्जी तोवर गेली होती, झूल माझ्या आईनं काढली. जुवाला शिवळ घालायचं भोक असतं. ते एका बैलाच्या बरगडीतनं आरपार आलं होतं. आण्णा म्हणाले, खुंटी ठोकून बुजवतो. आजानं नको म्हटलं.

"राहू दे. जुपायचा झाला तर लागंल."

मजुरीचं विचारायला तो माणूस धजला नाही आणि आजानं काही सांगितलं नाही. त्या वर्षी बेंदराला त्याच्या गोठ्यात ती जोडी दावणीच्या खुंट्याला सुतळीनं बांधलेली होती, समोर मिलोचा घास. कर तोडायला गावात अकरा खरे बैल होते. पुढच्या सुगीला त्याच्या घरनं आमच्याकडं अडीच पायली ज्वारी आली, न मागता. आमच्या घरी आलेलं ते शेवटचं बलुतं.

आजा 1975 मध्ये गेला. आण्णांनी नंतर दारं-खिडक्यांची कामं घेतली. मी शिक्षक झालो. गावात आता कर तोडायला ट्रॅक्टरही सजवून आणतात. बैलगाडी शर्यतींवर 2014 मध्ये बंदी आली, डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या सुरू करायला परवानगी दिली, 2023 मध्ये राज्याचा कायदा घटनापीठानं ग्राह्य धरला. तेव्हापासनं देखणे खिलार पुन्हा दिसायला लागले आहेत, पण ते शर्यतीचे, नांगराचे नव्हेत. बेंदराच्या बाजारात प्लॅस्टरच्या जोड्या मिळतात, मशीनच्या फवाऱ्यानं रंगवलेल्या. पोरं त्याही आवडीनं घेतात आणि मला त्यात वाईट काही वाटत नाही.

कडुलिंबाच्या त्या जोडीतला एक बैल अजून आहे. त्या शेतकऱ्याच्या नातवानं तो देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात ठेवला आहे. रंग पूर्ण गेला, एक शिंग मोडलं, चाकं नाहीत. बेंदराला त्याची पूजा होते. मातीच्या आणि लाकडी बैलाची जुनी वाटणी त्या घरात तरी पुसून गेली. बरगडीतलं भोक मात्र स्वच्छ आहे. त्यात वर्षातनं एकदा त्याची मुलगी झेंडूचं फूल खोचते.